दिव्यांग व्यक्ती आणि त्यांना सांभाळणारे: घराजवळच्या सरकारी आरोग्यसेवेचा उपयोग कसा करून घ्यायचा

घरात दिव्यांग माणूस असला की सल्ले देणाऱ्यांची कमी नसते. कुणी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचा नंबर देतं, कुणी म्हणतं, "आधी सर्टिफिकेट काढा, उपचाराचं नंतर बघू." या दोन सल्ल्यांपायी महिनोन्महिने अडकून पडलेली घरं मी पाहिली आहेत. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. त्याच्यासाठी सिव्हिलच्या पायऱ्या झिजवता झिजवता आता तालुक्यातल्या इतर घरांनाही सोबत करते. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: उपचार आणि कागदपत्रं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालवायची, एकासाठी दुसरं थांबवायचं नाही. आणि सुरुवात घराजवळच्या दवाखान्यापासून करायची. खाली लिहिलेलं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे.

आधी घरी: एक फाइल, एक पान

दवाखान्यात जाण्याआधी एक फाइल तयार करा. त्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो, बँक पासबुकाचं पहिलं पान, असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र, आणि या सगळ्यांच्या झेरॉक्सचे किमान दोन संच ठेवा. वैद्यकीय कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. मूळ कागद कुठल्याही टेबलावर सोडून येऊ नका. दाखवा आणि परत घ्या. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. खासगी रुग्णालयातले जुने कागद हरवले असतील तर लेखी मागणी करा. रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

फाइलच्या सगळ्यात वर एक पान लावा. हे पान कुठल्याच कार्यालयात मागत नाहीत, तरी माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये तेच सर्वांत मोलाचं. आपला माणूस कसा आहे हे अनोळखी सिस्टरला दोन मिनिटांत कळेल, असं ते असावं. माझ्या भावाच्या पानावर नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या आणि दोन फोन नंबर यांच्या खाली हे लिहिलं आहे:

"बोलता येत नाही, पण सगळं समजतं. 'हो' म्हणायला डोळे मिटतो, 'नको' म्हणायला मान डावीकडे वळवतो. दुखलं तर ओरडत नाही, उजवी मूठ आवळतो. आडवं झोपवून पाणी किंवा औषध देऊ नये, ठसका लागतो. बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमच्याने द्यावं. फिटची गोळी एक वेळही चुकवू नये. सुई टोचण्याआधी सांगितलं तर हात स्थिर ठेवतो."

तुमच्या माणसाच्या गरजेप्रमाणे हे पान बदलेल. हिमोफिलिया असेल तर "दंडात किंवा कमरेत इंजेक्शन देऊ नये, आधी फॅक्टरबद्दल (रक्त गोठायला मदत करणाऱ्या औषधाबद्दल) विचारावं" हे लाल शाईने लिहा. मणक्याला छातीच्या वरच्या भागात इजा झाली असेल तर लिहा: "अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम येणं असं झालं तर तातडीने रक्तदाब तपासावा, रुग्णाला बसतं करावं, लघवीची नळी तुंबली आहे का बघावं." हा त्रास जीवावर बेतू शकतो, आणि छोट्या दवाखान्यात तो चटकन ओळखला जात नाही. स्वमग्न मुलाच्या पानावर कुठला आवाज, कुठला प्रकाश किंवा कुठला स्पर्श सहन होत नाही ते लिहा.

जवळचा दवाखाना

गावच्या आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडे आपल्या माणसाचं नाव नोंदवून ठेवा. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात आहे हे त्यांना माहीत असलं की रक्तदाब, साखर, जखमेची पट्टी, लघवीची नळी बदलणं अशा कामांसाठी घरभेट मागता येते. आपणहून कुणी येईल म्हणून वाट बघू नका. "ताई, आमच्याकडे आजी पडून आहेत, पाठीला जखम होतेय, महिन्यातून एकदा बघून जाल का?" असं स्पष्ट विचारा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, हे सगळे त्यात आले. केसपेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं मात्र वेगळ्या खात्यांची आहेत, तिथली फी वेगळी. ससूनमध्ये किंवा केईएममध्ये पैसे मागितले तर त्यामागे हे कारण असतं. फसवणूक समजून भांडू नका, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन सवलत मागा.

साधा ताप, खोकला, जुलाब, जखम यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रच बरं. तिथल्या डॉक्टरांची ओळख होते आणि पुढे गरज पडली की ते नीट रेफर चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर नेमका विभाग लिहून घ्या: अस्थिरोग, कान-नाक-घसा, मानसोपचार, भौतिकोपचार (फिजिओथेरपी). नुसतं "पुढील उपचारांसाठी" असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलात तर सिव्हिलमध्ये या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरण्यात सकाळ जाते.

मूल असेल तर आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतात. जन्मतः असलेलं व्यंग, वाढीतला उशीर, ऐकण्या-बघण्याचा दोष अशा गोष्टी ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांत शोधतात. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. "मान उशिरा धरली, अजून बसत नाही, हाक मारली तर बघत नाही" हे आईनेच सांगायला हवं. घाईच्या तपासणीत ते निसटतं. पथकाने नोंद केलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. फिजिओथेरपी, वाचा उपचार, श्रवण तपासणी, मानसशास्त्रज्ञ हे सगळं तिथे एका छताखाली मिळावं अशी योजना आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे नेण्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. "थोडं मोठं झालं की बोलेल" असं म्हणणाऱ्या शेजारणीचं ऐकू नका. शंका आली त्याच आठवड्यात जा.

प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यंगत्व मान्य आहे. पूर्वीचा कायदा खूपच आखूड होता, त्यामुळे जुन्या समजुतीने अनेक जण अर्जच करत नाहीत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, ॲसिडहल्ल्याने आलेलं अपंगत्व हे सगळे यात आहेत. विदर्भातल्या सिकलसेलच्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं.

युडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यालाच स्वावलंबन कार्ड म्हणतात. प्रमाणपत्राचा आणि या कार्डाचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. स्वतः करा किंवा सेतू केंद्रातून करा. अर्जाला सरकारी फी नाही, केंद्रवाल्याची मजुरी तेवढी द्यावी लागते. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. "गणपत" आणि "गणपतराव" या फरकापायी पुढे पेन्शनपासून विम्यापर्यंत सगळं अडतं. रुग्णालय निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा: नियमानुसार राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, तसाच जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही करता येतो. अर्ज झाला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

तपासणीचे वार ठरलेले असतात आणि प्रकारागणिक वेगळे असतात. अस्थिव्यंगाचा एक वार, कानाचा दुसरा, मानसोपचाराचा तिसरा. आधी फोन करून किंवा माणूस पाठवून वार विचारा, आणि त्या वारी तो डॉक्टर रजेवर नाही ना हेही विचारा. कानाची तपासणी बेरा (ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या) यंत्रावर, बुद्ध्यांकाची चाचणी मानसशास्त्रज्ञाकडे, अशा गोष्टींना वेगळी तारीख मिळते. ती तारीख चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

बोर्डापुढे, म्हणजे दिव्यांगत्व तपासून टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे, जाताना माणूस रोज जसा असतो तसाच न्या. श्रवणयंत्र, काठी, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा) बरोबर हवंच. मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असेल तर रोजच्या जगण्याचं वर्णन लिहून न्या: अंघोळ स्वतः करतो का, पैसे ओळखतो का, एकटा बाहेर गेला तर परत येतो का. तपासणारे डॉक्टर आपल्या माणसाला दहा मिनिटं बघतात, तुम्ही चोवीस तास बघता. टक्के वाढवून सांगायच्या मोहात पडू नका, आणि लाजेपोटी कमीही सांगू नका. हे दुसरं मी जास्त पाहिलं आहे. तरुण मुलाच्या फिट्स किती वेळा येतात ते लग्नाच्या भीतीने आई-वडील लपवतात, आणि मग हक्काचे टक्के जातात.

२०२४ मध्ये नियम बदलले. आता ४० टक्क्यांच्या आत पांढरं कार्ड, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं आणि ८० किंवा त्याहून जास्त असेल तर निळं कार्ड मिळतं. बहुतेक योजनांना ४० टक्के ही किमान अट असते. प्रमाणपत्रासाठी यंत्रणेला आता तीन महिन्यांची मुदत आहे, आणि अर्ज करून दोन वर्षं तपासणीला गेलाच नाहीत तर अर्ज निष्क्रिय होतो. प्रमाणपत्र देशभर चालतं. वाढत्या वयाच्या मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं मिळतं. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच नूतनीकरणाला लागा, नाहीतर मधल्या काळात सवलती बंद पडतात. प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी देणं कायद्याने बंधनकारक आहे. ते मागून घ्या. त्याविरुद्ध अपील करता येतं, आणि अपिलाला तोच कागद लागतो.

सिव्हिलमध्ये गेल्यावर

वर सांगितलेल्या २०१६ च्या कायद्याचं २५ वं कलम इथे कामाचं. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना जाता आलं पाहिजे, आणि दिव्यांगांना तपासणीत व उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे, असं त्यात सांगितलं आहे. रांगेतल्या लोकांशी वाद घालत बसण्यापेक्षा केसपेपर खिडकीवर कार्ड दाखवा आणि केसपेपरवरच "दिव्यांग" असं लिहून किंवा शिक्का मारून घ्या. पुढच्या प्रत्येक दारावर तोच कागद आपली बाजू सांगतो. व्हीलचेअर आणि स्ट्रेचर बहुधा अपघात विभागाजवळ असतात; ओळखपत्र ठेवून घेऊन देतात.

तपासणी वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट बंद असेल तर माणसाला उचलून नेऊ नका. पडण्याचा धोका असतो आणि तुमची पाठही जाते. निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा की डॉक्टरांनी खाली येऊन तपासावं. ही मागणी रास्त आहे. शांतपणे केली तर बहुतेक वेळा मान्य होते.

कर्णबधिर व्यक्तीबरोबर जाणाऱ्याने स्वतःच सगळी उत्तरं देऊ नयेत. डॉक्टरांना सांगा की मास्क खाली करून समोर बघून बोला, औषधाची वेळ लिहून द्या. सांकेतिक भाषेतला दुभाषी जवळ नसेल तर ओळखीच्या दुभाष्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. श्रवणदोषाच्या अवघड बाबींसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि हातापायांच्या पुनर्वसनासाठी हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. दोन्ही केंद्र सरकारच्या. नागपूरला दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. सिव्हिलच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलात तर तिथे काम लवकर होतं.

दृष्टिहीन व्यक्तीच्या गोळ्यांसाठी औषधाच्या खिडकीवरच खूण करून घ्या. सकाळच्या पट्टीला एक रबरबँड, रात्रीच्या पट्टीला दोन. पट्टी घेताच त्या व्यक्तीच्या हातात देऊन बोटांनी ओळखायला लावा. कंपनी बदलली की पट्टीचा आकार बदलतो, म्हणून ही खूण दर महिन्याला नव्याने करावी लागते.

प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांची खोली बऱ्याचदा कोपऱ्यात असते, पाटीही धड दिसत नाही, पण योजना, सवलत, रक्त, बाहेरून आणायची औषधं या सगळ्याला तेच उपयोगी पडतात. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत देण्याचं धोरण आहे. ओळखपत्र दाखवा, रक्तपेढीत बदली दाता मागितला तर थेट या अधीक्षकांकडे जा.

पैशांची व्यवस्था

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, तीही योजनेत असलेल्या रुग्णालयातच. रोजची फिजिओथेरपी त्यातून भागेल अशी अपेक्षा ठेवू नका. रुग्णालयाच्या दाराशी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. भरती होण्याआधी तिथे जाऊन दोन गोष्टी विचारा: हा उपचार यादीत आहे का, आणि मंजुरी आली का. मंजुरीआधी पैसे भरलेत तर परत मिळवणं फार कठीण जातं. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. घरात ७० वर्षांवरचं कुणी असेल तर उत्पन्न कितीही असो, ज्येष्ठांच्या मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी धर्मादाय रुग्णालय बघा. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला याच कामासाठी कायम ताजा ठेवायचा. आजारपण आल्यावर दाखल्याला धावलात तर उशीर होतो. खाटा नाहीत असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना आहे. तिची शिफारस मी प्रत्येक घराला करते. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा हा विमा वैद्यकीय तपासणीशिवाय मिळतो, हप्ता नाममात्र असतो, आणि ओपीडी, थेरपी, दवाखान्यात जाण्या-येण्याचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. थेरपीचा खर्च देणारा विमा बाजारात शोधून सापडत नाही. नोंदणी न्यासाच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करायची. जिल्ह्यातल्या विशेष शाळेत विचारलंत की ती संस्था कळते. आधी पैसे आपण भरायचे आणि मग बिलं पाठवायची, त्यामुळे प्रत्येक पावतीवर रुग्णाचं नाव, तारीख, शिक्का आणि सही हवी. थेरपीच्या बिलासोबत डॉक्टरांनी थेरपी सुचवल्याची चिठ्ठी जोडा. ती नसली की दावा परत येतो. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, ते विसरू नका.

व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राच्या ॲडिप योजनेत शिबिरं होतात. आधी मोजमापाचं शिबिर होतं, नंतर वाटपाचं. मोजमापाला माणूस स्वतः हजर हवा. वाटपाच्या दिवशी सही करण्याआधी त्याला खुर्चीत बसवून बघा. मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहावी, पावलं पायपट्टीवर टेकावीत, पाठ सरळ राहावी. मापाची नसलेली खुर्ची आणली तर काही महिन्यांत पाठीला बाक येतो आणि बसण्याच्या जागी जखमा होतात. घरातून निघण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी टेपने मोजून न्या, कारण खुर्ची घरी आल्यावर दारात अडकलेली मी बघितली आहे.

लहानसहान गोष्टींसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका बघा. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत "गेल्या वर्षी दिव्यांगांचा निधी कशावर खर्च झाला?" एवढा प्रश्न विचारा.

नेहमी मागे पडणारी दुखणी

दिव्यांगत्वाच्या उपचारात बाकी शरीराकडे दुर्लक्ष होतं. दात हे त्याचं मोठं उदाहरण. बोलू न शकणारं मूल जेवायचं थांबतं, चिडतं, डोकं आपटतं. घरचे वागण्याचं औषध शोधतात आणि आत दाढ किडलेली असते. वर्षातून एकदा दात दाखवा. तोंड उघडू न देणाऱ्या रुग्णाचे दात भूल देऊन करता येतात. त्यासाठी सिव्हिलच्या दंतविभागातून मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी घ्या.

दिव्यांग मुलींच्या आणि बायकांच्या पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, स्तनातली गाठ याबद्दल कुणी विचारतही नाही. स्त्रीरोग विभागात जाताना तपासणीचं टेबल खाली होतं का ते आधी विचारा, आणि तपासताना आई, बहीण किंवा सिस्टर जवळ थांबेल असा आग्रह धरा. गर्भाशय काढून टाकायचा सल्ला कुणी सोय म्हणून देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

मानसिक आजारासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर सिव्हिलमध्ये असतात, आणि ठरावीक दिवशी तालुक्यालाही येतात. गोळ्या तिथेच मिळतात. घरी दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या घ्यायला जायचं, पाकीट रिकामं होण्याची वाट बघायची नाही. फिटच्या गोळ्यांनाही हेच लागू. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

येण्या-जाण्याचं

४० टक्क्यांवरच्या दिव्यांग व्यक्तीला एसटीत ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेचं सवलत कार्ड वेगळं काढावं लागतं, त्यासाठी सरकारी डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करताना "रुग्ण दिव्यांग आहे, स्ट्रेचर आत आणावं लागेल, वाट अरुंद आहे" हे आधीच सांगा.

अडलं तर

आधी तोंडी, मग लेखी. सिव्हिलमध्ये निवासी वैद्यकीय अधिकारी, त्यांच्या वर जिल्हा शल्यचिकित्सक. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. अर्ज अर्ध्या पानापेक्षा मोठा नको: कोण, कधी, कुठल्या विभागात, काय नाकारलं, आम्हाला काय हवं. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. त्याने काम झालं नाही तर आपले सरकार संकेतस्थळावर तक्रार टाका, आणि त्यापुढे पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करा. त्यांना या कामी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर संबंधित खात्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर दिव्यांग व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची मर्यादा त्यांना आड येत नाही. क्रमांक १५१००.

सांभाळणाऱ्यांसाठी

सांभाळणारी बहुधा आई, बायको, सून किंवा बहीण असते, आणि आपलं दुखणं ती शेवटी दाखवते. तसं करू नका. आपल्या माणसाच्या केसपेपरसोबत त्याच दिवशी स्वतःचाही केसपेपर काढा: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, कंबर. पलंगावरून खुर्चीत माणसाला कसं हलवायचं हे फिजिओथेरपिस्टकडून हाताला धरून शिकून घ्या. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. खुर्चीचे ब्रेक आधी लावायचे. माणसाला आपल्या अंगाशी धरायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची असेल तर रात्रीची पाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायलाच हवी. "मलाच जमतं" असं म्हणत राहिलात तर तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी घरात कुणालाच काही येत नसेल. फाइल कुठे आहे, गोळ्या कशा द्यायच्या, कसं भरवायचं हे आणखी एकाला शिकवा, आणि आठवड्यातली एक दुपार त्याच्यावर सोपवा. झोप उडाली, सारखं रडू येऊ लागलं, आपल्या माणसावर हात उचलावासा वाटला तर १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

मूल १८ वर्षांचं होण्याआधी एक काम उरतं. सज्ञान झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. शस्त्रक्रियेच्या संमतीपासून बँकेच्या खात्यापर्यंत प्रश्न येतात. वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. अर्ज राष्ट्रीय न्यासाच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करता येतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची वाट वेगळी: बरं वाटत असताना तिने साध्या कागदावर लिहून, सही करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबतच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारा माणूस, ठरवायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो कागद ग्राह्य धरला जातो. सतराव्या वर्षीच कागद जमवायला सुरुवात करा, आणि प्रमाणपत्र हातात आलं की त्याची एक झेरॉक्स फाइलमध्ये, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एक बँकेत द्या.